लॉजवरचा व्यायाम

हिंदुराव थोरवत बहिणीला किडनी द्यायला जयपूरला गेला तेव्हा त्याच्याबरोबर मी होतो. माझं नशीब. दुसरं कुणी असतं तर ही गोष्ट सांगायची पाळी त्याच्यावर आली असती आणि मी आपला घरी पेपर वाचत बसलो असतो.

साल शहाऐंशी, एप्रिल महिना. आमची कंपनी सांगलीकडची, शेतीच्या पंपांची. हिंदुराव विक्री बघायचा आणि मी, गोविंद दातीर, दुरुस्ती. म्हणजे तो लोकांच्या गळ्यात पंप मारायचा आणि पंप बंद पडला की लोक माझा गळा धरायचे. माळवा आणि राजस्थान हा आमचा मुलूख. महिन्यातला बराचसा काळ आम्ही फिरतीवर, आणि कंपनीला काटकसरीची भारी हौस, त्यामुळं कायम दोघांत एक खोली. बायकोला नवरा ठाऊक नसेल इतका मला हिंदुराव ठाऊक होता.

तरुणपणी त्यानं तालमीत माती अंगाला लावली होती. पुढं गुडघ्यानं दगा दिला, कुस्ती सुटली, नोकरी लागली, पण व्यायाम सुटला नाही. लग्न त्यानं केलं नाही, कारण बायको आली की अंग जातं असं त्याच्या वस्तादांनी डोक्यात भरवून ठेवलेलं. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, पण विडी नाही, सिनेमा नाही, चहासुद्धा नाही. त्याच्याजवळ होतं ते एक कमावलेलं अंग, आणि एक बहीण.

लॉजच्या खोल्या तुम्हाला ठाऊक आहेत. दोन खाटा टाकल्या की मधे चप्पल काढायलाही जागा उरत नाही. हिंदुराव पहाटे उठून आधी माझी खाट माझ्यासकट भिंतीकडे सरकवायचा. मग खिडकीत मारुतीचा छोटा फोटो उभा करायचा, नमस्कार करायचा, लंगोट कसायचा आणि जोर सुरू. जोर झाले की बैठका. मग न्हाणीतली बादली काठोकाठ भरून ती एका हातानं वरखाली. बादली फुटकी निघाली तर नमुन्याचा पंप होताच. गिऱ्हाइकाला दाखवायला दिलेला तो बिडाचा पंप हिंदुरावानं जितक्या वेळा डोक्यावर उचलला असेल तितक्या वेळा एखाद्या शेतकऱ्यानं तो चालूही केला नसेल. आकडा मोजायची त्याची पद्धत नव्हती. अंगाखालच्या फरशीवर घाम सांडून त्याचं थारोळं झालं की त्या दिवसाचा व्यायाम पुरा, हे त्याच्या तालमीतलं माप. रतलामला एकदा खालच्या खोलीतला व्यापारी, छत कोसळतंय म्हणून सामान घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता.

"पैलवान, आता लढायचंय कुणाशी?" मी पांघरुणातून विचारायचो.

"कुणाशी न्हाई. पर अंग इचारतं ना, काल केलंस, मग आज का न्हाई?"

माझं अंग मला कधी काही विचारायचं नाही. मी कूस बदलून झोपायचो.

बहीण म्हणजे कुसुमताई. आईबाप लवकर गेले, त्यामुळं तिला हिंदुरावानंच वाढवलं. तिची वेणी घालायलासुद्धा तो शिकला होता. तिला बी. ए. केली, आणि प्रभाकर निकम नावाच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गरीब स्वभावाच्या माणसाला दिली. प्रभाकररावांची नोकरी जयपूरला लागली तशी ती इतक्या लांब गेली. पुढं एक मुलगी झाली, अलका. सगळं ठीक चाललं होतं, आणि त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आमच्या ऑफिसात ट्रंक कॉल आला. कुसुमताईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

प्रभाकररावांना मधुमेह, म्हणजे ते बाद. त्यांच्या भावांनी चौकशीची पत्रं पाठवली आणि विषय संपवला. अलका अजून शाळेत. राहिला हिंदुराव. त्याचा रक्तगट जुळला. ऑपरेशन दिल्लीला व्हायचं होतं, पण देणारा माणूस निरोगी आहे असं जयपूरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच दिल्लीवाले तारीख पक्की करणार होते. तेव्हा तपासणीसाठी त्यानं जयपूरला यायचं. कंपनीनं उदार होऊन आम्हा दोघांची फिरती तिकडंच लावली.

आम्ही स्टेशनवरून आधी जवाहर नगरला त्यांच्या घरी गेलो. कुसुमताईंना मी पूर्वी पाहिलं होतं, पण त्या ओळखू आल्या नाहीत. तोंड सुजलेलं, कातडी मातकट, आणि पायात पुरुषी चपला, कारण दुसरं काही पायात जाईना. हिंदुराव दारातच थांबला. मग हसून म्हणाला, "कुसे, चांगली अंगानं भरलीस की!"

"दादा, नजर नको लावू," त्या म्हणाल्या आणि दोघंही हसली. मला मात्र तिथं उभं राहवेना.

त्यांनी पुढच्या खोलीत आमच्यासाठी गाद्या घालून ठेवल्या होत्या. हिंदुरावानं चपला काढल्या नाहीत.

"आम्ही लॉजवर उतरतो. स्टेशनपाशी हाय."

"लॉजवर? मतलब, बहिणीचं घर असताना?" कुसुमताई म्हणाल्या.

"मामा, तुम्ही आमच्याकडे का नाही रुकत?" अलकानं विचारलं. तेरा-चौदा वर्षांची पोर, मराठी बोलताना अडखळायची.

"कंपनीचा नियम हाय बाळा."

असा काही नियम नव्हता. रिक्षात बसल्यावर मी त्याला झापलं. आजारी बहीण एवढी गाद्या घालून बसलीय, दोन दिवस तिच्या हातचं खाल्लं असतं तर काय बिघडलं असतं?

"अवो, तितं व्यायाम कुठं करू?" हिंदुराव म्हणाला. "वर घरमालक. शेजारच्या खोलीत ती. तिला धापा ऐकू जायच्या, ती म्हणायची दादा आता बास कर. आणि आता बास करायचे दिवस हायत व्हय? आता तर वाढवाय पायजे."

"का म्हणून?"

"तिला द्यायची गोष्ट हाय, गोविंदराव. देणाऱ्याचं अंग कसं कमावल्यालं पायजे. आपल्याला नको झाल्यालं उष्टंपाष्टं न्हाई द्यायचं तिला."

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

तपासणीचा दिवस जवळ येत गेला तसा त्यानं व्यायाम दीडपट केला. परीक्षा म्हटल्यावर पोरं अभ्यास वाढवतात, तसा हा. जयपूरचा एप्रिल म्हणजे सूर्य उगवायच्या आधीपासून भिंती तापलेल्या. खोलीत पंखा होता, पण व्यायामाच्या वेळी वारा लागला तर अंग धरतं म्हणून तो बंद. लॉजचं पाणी मचूळ, त्याला ते घशाखाली उतरेना, त्यामुळं पाणीही कमीच. चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एका दुकानात कढईतलं दूध मिळायचं, ते संध्याकाळी लोटाभर. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी. तपासणीच्या दिवशी तर फरशीवर एवढा घाम की मी उठून पाय ठेवला आणि घसरलो.

"झाली तयारी," टॉवेलनं छाती पुसत तो म्हणाला. "आता बघू द्या काय बघायचं ते."

त्या सकाळी त्यानं हॉस्पिटलात रक्त दिलं, लघवी दिली, एक्स-रे काढला. डॉक्टर तिकडचेच, पन्नाशीचे, शांत. त्यांनी हिंदुरावाची छाती तपासली, दंड दाबून पाहिला आणि प्रभाकररावांकडं बघून हसले. कुसुमताईंच्या तोंडावर त्या दिवशी मी पहिल्यांदा रंग पाहिला.

दोन दिवसांनी डॉक्टर हसत नव्हते. लघवीत रक्त होतं. एल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, होतं. रक्तातले आकडेही जास्त आलेले. किडनीच्या रोग्याची लघवी जशी असते तशी, ते म्हणाले. दारू पिता? तंबाखू? कुठली औषधं, जडीबुटी, भस्मं? हिंदुराव प्रत्येक प्रश्नाला "नहीं जी, नहीं जी" म्हणत राहिला. त्याचं हिंदी तेवढ्यापुरतंच होतं आणि उत्तरही खरं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले की कधी कधी असं तात्पुरतं येतं. आठवडाभर पूर्ण आराम करा. नंतर पुन्हा बघू.

आता ऐका, माझ्या मित्रानं आराम कसा केला.

दिवसभर तो खाटेवरून उतरला नाही. बाजारातली कामं त्यानं माझ्यावर टाकली. मी एकटा चारदीवारीतल्या दुकानांतून नमुन्याचं पुस्तक घेऊन उन्हात वणवण करत होतो, आणि हा खोलीत छताकडं बघत पडून. स्वतःची बॅगही उचलेना. जिना चढायला नको म्हणून आम्ही खालची खोली मागून घेतली. बहिणीला भेटायलासुद्धा तो एकदाच गेला, तेही रिक्षानं दारापर्यंत. इतका कडक आराम मी पाहिलेला नाही.

आणि पहाटे उठून दुप्पट व्यायाम.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "पैलवान, डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?"

"मग दिवसभर काय करतोय?"

"आणि हे?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. बैठक मारता मारता तो माझ्याकडं बघत राहिला. "व्यायाम म्हंजे काय हमाली हाय व्हय, गोविंदराव? कष्टानं अंग झिजतं. व्यायामानं भरून येतं. आत जे काय साचलंय ते घामावाटं भाईर काढाय नको?"

तालमीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हेच सांगेल. ताप आला, घाम काढ. पोट बिघडलं, घाम काढ. काम वेगळं आणि व्यायाम वेगळा. कामातून सुट्टी मिळते, व्यायामातून मिळत नाही. हिंदुराव त्याच भाषेत वाढलेला. मला त्याचं म्हणणं पटलं असंही नाही, पण जिन्यात धाप लागणाऱ्या माणसानं व्यायामाबद्दल काय बोलायचं? मी पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या तपासणीला जाताना तो मला म्हणाला की दोन दिवस लघवी लालसर होतेय, म्हणजे घाण बाहेर पडायला लागलीय, आता रिपोर्ट चांगला येणार.

रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा माणूस किडनी देऊ शकत नाही, ते म्हणाले. यालाच पुढं उपचार लागतील. दिल्लीला त्यांनी आमच्यासमोर तसं कळवून टाकलं.

हिंदुराव बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. जन्मात त्याला कधी कुणी आजारी म्हटलं नव्हतं. शर्टाच्या बाह्या त्याच्या दंडांवर नेहमी घट्ट असायच्या आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्या दिवशी तो हातांची घडी घालून दंड झाकत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला, का ते सांगता येत नाही.

"कुसुमला कोण सांगणार?" प्रभाकरराव म्हणाले.

"मी सांगतो," हिंदुराव म्हणाला.

तो गेला, तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "कुसे, माझा माल खराब निघाला." त्या त्याची समजूत घालत बसल्या. मरायला टेकलेली बाई धडधाकट माणसाला धीर देत होती. मला ते बघवलं नाही. मी अलकाला घेऊन अंगणात गेलो आणि तिला पंप कसा चालतो ते समजावून सांगायला लागलो. तीही ऐकत असल्यासारखी उभी राहिली.

त्यानंतर गोष्टी झपाट्यानं बिघडल्या. तेव्हा पोटात नळी घालून, आत पाणी सोडून रक्त धुवायचे. ऑपरेशनपर्यंत तेवढं चालवायचं, असं ठरलेलं होतं. ऑपरेशनच रद्द झाल्यावर ते चालवत राहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. त्या नळीतून पोटात जंतू गेले. ताप चढला. कुसुमताईंना हॉस्पिटलात ठेवलं.

हिंदुराव सकाळ-संध्याकाळ जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसायचा. पहाटेचा व्यायाम मात्र चालूच होता, उलट वाढला होता. आता तो स्वतःच्या किडन्या दुरुस्त करत होता. "म्हैन्याभरात सुधारतो," तो मला म्हणाला. "तवर कुसा दम धरती. परत तपासाय लावू."

एके दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या आवारात प्रभाकररावांनी मला बाजूला घेतलं. बिचाऱ्यांनी तीन वेळा घसा खाकरला.

"दातीर, एक विचारू? रागावू नका. दादा फिरतीवर असताना घेतात का?"

"काय घेतात?"

"म्हणजे... दारू. आजारपणासाठी आमची आई आलीय, ती म्हणत होती. एवढा धट्टाकट्टा माणूस, आणि आत सगळं सडलेलं, ते उगीच कसं होईल?"

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं चहाचा आग्रह करून थकलो, त्याच्याबद्दल हे! मी प्रभाकररावांच्या दंडाला धरलं आणि तसाच त्यांना डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेलो. आत दुसरं कुणी नव्हतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झालो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा यांना. मी हिंदुरावाच्या खोलीत राहतो. हा माणूस दारू पीत नाही, सुपारी खात नाही. रोज पहाटे घाम निथळेपर्यंत जोर-बैठका मारतो, पंप डोक्यावर उचलतो. प्रवासात असो, लॉजवर असो, एक दिवस चुकवत नाही. अशा माणसाच्या किडन्या खराब होतात तरी कशा?

डॉक्टर काहीतरी लिहीत होते. ते थांबले.

"कसरत? जाँच के दिन भी की थी?"

"त्या दिवशी तर जास्तच," मी अभिमानानं म्हणालो. "आणि तुम्ही आराम सांगितलात तो आठवडाभर दुप्पट."

डॉक्टरांनी पेन मिटून खाली ठेवलं. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. अति व्यायाम केला, त्यात उन्हाळा, त्यात पाणी कमी, की चांगल्यातल्या चांगल्या माणसाच्या लघवीत रक्त उतरतं, एल्ब्युमिन उतरतं. अंग स्वस्थ ठेवलं की चार-दोन दिवसांत आपोआप जातं. म्हणून तर त्यांनी आराम सांगितला होता. "मैंने आराम कहा था," ते पुन्हा एकदा म्हणाले, पण आम्हाला नाही, स्वतःलाच.

"म्हणजे दादांच्या किडन्या..." प्रभाकरराव म्हणाले.

बहुतेक उत्तम असतील, डॉक्टर म्हणाले. पण आता पोटात पू झालेल्या बाईचं ऑपरेशन कुणीही करणार नाही. ताप उतरला, जखम भरली, तर पुन्हा बघता येईल. तेव्हा भावाला नुसतं झोपवून ठेवा आणि मग तपासू. "तर" हा शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला त्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं.

प्रभाकरराव ताडकन उठून बाहेर आले. आयुष्यात ते कुणाला मोठ्यानं बोलले नसतील. "सांगतो त्याला!" ते ओरडले. "मारलंस म्हणून सांगतो! बैठका मारून मारून मारलंस!" वॉर्डाचं दार उघडं होतं. मी त्यांना आवरीपर्यंत आतून कुसुमताईंची हाक आली.

त्यांना सगळं सांगावं लागलं. प्रभाकरराव तोंड फिरवून खिडकीशी उभे राहिले, म्हणून मी सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांच्या ओठांवर हसू आलं. मला वाटलं, तापात आहेत.

"लॉजवर उतरला तेव्हाच कळायला हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "लहानपणी मला गोवर आला होता. हा रात्रभर उशाशी बसायचा आणि सकाळी माझ्याच खाटेपाशी जोर मारायचा. म्हणायचा, माझं अंग चांगलं राहिलं तर तुझं राहील."

मग डोळे उघडून त्या प्रभाकररावांकडं बघत म्हणाल्या, "दादाला हे कळता कामा नये."

"का? का म्हणून? त्याच्यामुळं..."

"अहो, ऐका. त्याला बायको नाही, पोर नाही. दोस्त म्हणून हे एक गोविंदभैया. मी गेल्यावर त्याच्याजवळ काय राहणार? तो पहाटे उठून जोर मारणार, एवढंच. तेही काढून घेता? कळलं तर तो एक दिवस जगायचा नाही."

"आणि तू बरी झालीस तर?"

"तर मीच सांगेन. कान धरून सांगेन."

त्यांनी आधी नवऱ्याकडून वचन घेतलं, मग माझ्याकडून. मला म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याबरोबर फिरणार. तुमच्या तोंडून कधी रागाच्या भरात निघेल." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात इतका गरम होता की माझा हात चटकन मागं येणार होता.

संध्याकाळी हिंदुराव नेहमीसारखा आला. पायथ्याशी बसला आणि त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. त्या त्याला म्हणाल्या, "दादा, खरं सांगू? तुझी किडनी मला लागली नसती. मी घरी भात खाणारी बाई. ती म्हणाली असती, बैठका मार." तो हसला. हसताना त्याचे खांदे हलत होते. प्रभाकरराव उठून बाहेर गेले.

ताप उतरला नाही. त्या आठवड्यातच कुसुमताई गेल्या. तिरडीचा पुढचा खांदा हिंदुरावानं धरला तो घाटापर्यंत सोडला नाही. लोक बदलत होते, हा बदलू देईना. जयपूरचे शेजारी कौतुकानं बघत होते. कुणीतरी म्हणालंसुद्धा, भाई हो तो ऐसा. प्रभाकरराव खाली मान घालून चालत होते.

तिसऱ्या दिवसाचे विधी झाल्यावर आम्हाला निघायचं होतं. त्या सकाळीही मला नेहमीच्या दणदण आवाजाशिवायच जाग आली. हिंदुराव खाटेच्या कडेला बसला होता. लंगोट हातात, पण कसलेला नाही. या दिवसांत त्यानं व्यायाम केला नव्हता. मला वाटलं, सुतक म्हणून असेल.

"गोविंदराव, जागं हाय का?"

"हं."

"वस्ताद म्हणायचं, परमुलखातला व्यायाम अंगाला लागत न्हाई. आज हितं, उद्या तितं. माती न्हाई, तालीम न्हाई, दूध कुठलं, पाणी कुठलं. लॉजवरचा व्यायाम म्हंजे देखावा. मी त्यांच्याशी वाद घालायचो. म्हणायचो, लागतो. मनापासनं केला तर कुठंबी लागतो." त्यानं हातातला लंगोट उलटापालटा केला. "न्हाई लागला. एवढी वर्षं लॉजवर काढली. वरनं टणक ऱ्हायलो आणि आतनं कुजत गेलो. गावात ऱ्हाऊन, घर धरून केला असता तर पोरगी वाचली असती."

मी उठून बसलो. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. वचन गेलं खड्ड्यात, या माणसाला खरं काय ते एकदा सांगून टाकावं, त्यानं मला मारलं तरी चालेल, असं वाटलं. मी तोंड उघडलंही. पण तो माझ्याकडं ज्या तोंडानं बघत होता ते बघून मी ते परत मिटलं.

"तुमी रोज बघत हुता," तो म्हणाला. "खरं सांगा. कुठं अंगचोरी केली का हो मी? कवा कमी पडलो?"

"नाही, पैलवान," मी म्हणालो. "एक दिवससुद्धा कमी पडला नाहीत."

त्याला बरं वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानं लंगोटानंच डोळे पुसले, आणि थोड्या वेळानं खाली उतरून फरशीवर हात टेकले.